माळ्यावरचं हसू

१२ जून

ताई,

हे पत्र मावशीच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण तुझा नवा पत्ता ती देत नाही. "तिनेच सांगितलंय देऊ नकोस म्हणून, मी काय करू?" म्हणाली, आणि वर अर्धा तास मलाच रडून दाखवलं. फोन नंबर तू बदललास त्याला आठ महिने झाले. तेव्हा आता पत्र. शाळेत पत्रलेखनात मला दहापैकी चार मिळाले होते आणि प्रगतिपुस्तकावर आईऐवजी तूच सही ठोकली होतीस, तेव्हा चुका काढायचा हक्क तुला आहेच.

मावशीकडून कळलं की पुन्हा नकार आला. मुलाखत म्हणे छान झाली. मग त्यांनी आपल्या कंपनीचा अनुभवाचा दाखला वाचला आणि "कळवतो" म्हणाले. त्या दाखल्यावरची शेवटची ओळ मला पाठ आहे. 'सदर कर्मचारी संस्थेच्या विश्वासास पात्र राहिल्या नाहीत.' अकरा वर्षं तू कानाला हेडफोन लावून लोकांच्या बिघडलेल्या फ्रिजची आणि वॉशिंग मशीनची गाऱ्हाणी ऐकलीस, आणि त्यांनी लिहिलं काय, तर हे. ही ओळ काढता येते का, हे विचारायला मी दोनदा एचआरमध्ये जाऊन आले. "अर्ज करा," म्हणाले. कोणाकडे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

इथलं विचारशील तर सगळं तसंच आहे. आपल्या मजल्यावर दीडशे टेबलं, प्रत्येक स्क्रीनच्या कोपऱ्यात तो टिचभर आरसा. फोनवर बोलताना हसतोय की नाही हे आपलं आपण बघायचं, कारण हसू म्हणे आवाजात उतरतं. तू तुझ्या आरशावर जुन्या कॅलेंडरचा कागद चिकटवला होतास. तो चिमणीने खरवडून काढला. चिमणी म्हणजे तुझ्या जागेवर आलेली मुलगी, फार चिवचिवते म्हणून हे नाव. पोरगी चांगली आहे. तिच्यावर राग काढायला मला काही कारण सापडत नाही, आणि त्याचाच राग येतो.

आपला गुळगुळीत साहेबही तसाच. अजूनही आवाज चढवत नाही, अजूनही माणसाला कापताना आधी "बसा ना" म्हणतो.

त्या दिवशी कुणीतरी तुझं नाव घेतलं, ताई. कुणी, ते उकरून काढून आता काय उपयोग? तू जेवतेस ना नीट?

तुझी,
शेपूट

२६ जून

ताई,

उत्तर नाही. नसू दे. मावशी म्हणाली की तू पाकीट उघडलंस, वाचलंस आणि पुन्हा घडी घालून ठेवलंस. फाडलं नाहीस, एवढ्यावर मी पंधरा दिवस काढले.

एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. राहून गेली नव्हती, टाळली होती. आईचा शब्द आता ऑफिसच्या भिंतीवर आहे.

खोटं नाही सांगत. लिफ्टमध्ये, जिन्यात, पाण्याच्या मशीनवर, प्रत्येक आरशाखाली पिवळा स्टिकर. 'माळ्यावरचं हसू नको, मनातलं हवं!' खाली कंपनीचं चिन्ह. गुळगुळीतच्या डोक्यातली ही मोहीम. वरच्यांना इतकी आवडली की दुसऱ्या शहरातल्या ऑफिसांतही हेच स्टिकर गेलेत. आपल्या आईने आयुष्यात कधी लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही, आणि आता तिचा शब्द दिवसभर वरखाली करतोय.

पुढचं ऐकून हसशील, किंवा थुंकशील. नवीन भरती झाली की त्या मुलांना या शब्दाची गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आहे. मी समोर उभी राहते आणि सांगते की आमच्या आईकडे निळ्या काठाचे सहा कप होते, ते माळ्यावर ठेवलेले असायचे, पाहुणे आले की स्टुलावर चढून ती ते काढायची आणि पाहुणे गेले की पुसून परत वर. एकदा एक काकू येऊन तासभर टोमणे मारून गेल्या आणि आई तासभर त्यांच्याकडे बघून गोड हसत राहिली. तू विचारलंस, "आई, तू हसत का होतीस?" तर म्हणाली, "ते रोजचं नव्हे गं. ते माळ्यावरचं हसू." मुलं टाळ्या वाजवतात. एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मी पण आवंढा गिळते, अगदी वेळेवर, दर वेळी त्याच वाक्याला.

गोष्ट संपवून जागेवर येते आणि आरशात बघते. आठवतंय, आपण पाठीला पाठ लावून बसायचो? तू मान वळवलीस की माझ्या आरशात माझ्या खांद्यावरून तुझा अर्धा चेहरा दिसायचा, आणि कुणी फारच डोकं खाल्लं की तू तिथूनच मला भुवया उडवून दाखवायचीस. ताई, तो अर्धा चेहरा अजून दिसतो. चिमणी जेवायला गेलेली असते, खुर्ची रिकामी असते, भरदुपार, दिवे सगळे लख्ख. मी वळते तर कुणी नसतं. पुन्हा आरशात बघते तर तू असतेस, भुवया न उडवता नुसती बघत. मी आरसा तिरका करून बघितला. मग माझ्या पाठीमागची काचेची केबिन दिसते, आणि ती त्याहून वाईट.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. नंबर वाढलाय म्हणाले. चष्मा केला. आता तू जास्त स्पष्ट दिसतेस.

शेपूट

९ जुलै

ताई,

दर सोमवारी अकराला फ्रिजवाले आजोबा फोन करतात. तुझा जुना नंबर फिरवतात, चिमणी घाबरते आणि माझ्याकडे वळवते. त्यांचा फ्रिज आपण कागदावर तीनदा दुरुस्त केलाय. खरा एकदाही नाही. परवा म्हणाले, "त्या मोठ्या बाई कुठे आहेत? त्यांच्या आवाजात हसू नसायचं. त्यामुळे त्या सांगतील ते खरं वाटायचं." मी म्हटलं, "त्या आता इथे नसतात." "वारल्या?" मला पटकन नाही म्हणताच येईना. तेच मग "अरेरे" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. तेव्हा एका घरात तू मेलेली आहेस, आणि ते माझ्यामुळे.

तुला काढलं त्या दिवशीच्या बैठकीचं सांगते. तू केबिनबाहेर होतीस, तुला आतलं कुणी सांगितलं नसणार.

'मन मोकळं करा' हा फॉर्म भरून आठवडा झाला होता. नाव लिहायचं नाही, सही नाही, काय वाटतं ते बिनधास्त लिहा, अशी दवंडी पिटली होती. मला टीम लीड होऊन तीन आठवडे झाले होते. आम्ही पाच लीड आणि गुळगुळीत. त्याच्या हातात वरून आलेला एक कागद होता, त्यातल्या एका उत्तराखाली लाल रेघ. ते उत्तर त्याने वाचून दाखवलं, शांतपणे, जणू वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचतोय. 'मशीन दुरुस्त झालेलं नसताना तक्रार बंद झाली असं दाखवायला लावतात. हुकूम तोंडी असतो, कागदावर काही नसतं. मग आरशात बघून आम्ही सगळे माळ्यावरचं हसू हसतो.'

त्याने कागद खाली ठेवला. "आरोपाचं आपण बघू," म्हणाला. "मला हे सांगा, माळ्यावरचं हसू म्हणजे काय? कोण बोलतं असं?"

आणि मी हसले.

बस. एवढंच झालं. त्या काचेच्या खोलीत, त्याच्या त्या गुळगुळीत तोंडून आईचा शब्द आला आणि मला हसू फुटलं. खरं, रोजच्या वापरातलं. पाच जणांनी माझ्याकडे बघितलं. हसू काही गुन्हा नाही ना, ताई?

शेपूट

१८ जुलै

ताई,

या वेळी तू मावशीकडे निरोप ठेवलास. चार शब्दांचा. "तिला विचार, पुढे काय?" मावशीला काही कळलं नाही. मला कळलं.

पुढे त्याने विचारलं, "तुम्हाला हसू का आलं?"

मी म्हणाले, "आमच्या आईचा शब्द आहे."

तो म्हणाला, "ताईचा? असं होय."

एका अक्षराचा फरक, बघ. आईचा, ताईचा. वर एसी घरघरत होता, मी पुटपुटत बोलते, हे तूच मला लहानपणापासून सांगत आलीस. त्याने जे ऐकलं ते ऐकलं. मी दुरुस्त करायला हवं होतं, हे मान्य. पण नाही केलं. तो लगेच पुढच्या विषयावर गेला. दहा मिनिटांनी बैठक संपली. बाहेर आले तर तू फोनवर होतीस, कुणालातरी मशीनचा नळ कसा बंद करायचा ते सांगत होतीस. मी तुझ्या खुर्चीमागून गेले. हात लावला असता तर लागला असता. चार वाजता त्याने तुला आत बोलावलं.

हे आज लिहायला एक कारण झालंय. मुख्य ऑफिसमधून एक बाई आल्यात. जाड चष्मा, पायात सपाट चपला, लिफ्ट सोडून जिन्याने येतात. गेल्या दोन वर्षांत ज्यांना काढलं त्यांचे कागद त्या परत तपासतायत. दुरुस्त न करता बंद केलेल्या तक्रारींची वरपर्यंत बोंब गेलीय म्हणे. बैठकीतल्या पाचही जणांना एकेकटं बोलावणार आहेत. माझी पाळी सहा ऑगस्टला. तुझ्यावर अन्याय झाला असं ठरलं तर दाखला नवा मिळेल. ती ओळ जाईल, ताई.

मी त्यांना हेच सांगेन. मी आईचा म्हणाले, त्याने ताईचा ऐकलं. यात तुझी चूक नाही हे सिद्ध होतं. आणि माझीही फारशी नाही.

तू खूश व्हायला हरकत नाही.

शेपूट

२ ऑगस्ट

ताई,

मावशी म्हणाली, शेवटचं पत्र वाचून तू उठलीस आणि भांडी घासत बसलीस. घासलेलीच.

घरी सराव करतेय. आईचा. आमच्या आईचा. आरशासमोर म्हणून बघते, ऑफिसातल्या नाही, आपल्या न्हाणीघरातल्या. 'आमच्या'नंतर जरा थांबलं तर 'आईचा' स्वच्छ ऐकू येतं. न थांबता म्हटलं तरी स्वच्छच ऐकू येतं. वीस वेळा म्हणून बघितलं. एकदाही 'ताईचा' झालं नाही.

काल एका नव्या मुलाने गोष्ट संपल्यावर विचारलं, "मॅडम, पण हा शब्द बाहेर कसा आला? तुमच्या घरचा होता ना?" सगळे हसले. मीही हसले. मग जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन बसले, समोर पिवळा स्टिकर. खरंच, कसा आला? आई गेलेली. बाबांना तो शब्द कधी ठाऊकच नव्हता, कारण पाहुण्यांइतकंच ते हसू त्यांच्यासाठीही निघायचं. राहिलो आपण दोघी. जगात दोनच माणसं तो शब्द बोलतात, आणि त्यातल्या एकीने तो कागदावर लिहिला.

तू मला कधी विचारलं नाहीस. एकदाही नाही. भांडली असतीस तर बरं झालं असतं. कपाळावर एक टपली मारून "शेपटे, हे काय केलंस?" म्हणाली असतीस, तर मी तिथल्या तिथे रडून मोकळी झाले असते. तू मात्र सामान खोक्यात भरलंस, गेटपर्यंत आलीस आणि म्हणालीस, "आईचे कप खाली काढ. वापरत जा." आणि गेलीस. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय हिच्या, नोकरी गेली आणि ही कपांचं काय बोलतेय.

शेपूट

६ ऑगस्ट

ताई,

आत्ताच घरी आलेय. पायातल्या चपला अजून काढलेल्या नाहीत. आधी लिहिते, नाहीतर पुन्हा मी काहीतरी छान रचून लिहीन.

सातवा मजला, लहानशी खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. भिंतीवर काही नाही. आरसा नाही, स्टिकर नाही. चष्मेवाल्या बाई "बसा ना" म्हणाल्या नाहीत, "बसा" म्हणाल्या. मला तेवढ्यानेच रडू येईल असं वाटलं.

त्यांनी बैठकीत काय झालं ते विचारलं. मी सुरुवात केली. कागद वाचला, हसू आलं, साहेबांनी कारण विचारलं. मग मी म्हणाले, "मी म्हटलं, आमच्या..." आणि थांबले, सरावातल्यासारखी.

तेवढ्यात त्यांनी फाईल माझ्याकडे वळवली. "हे तुम्ही पाहिलंय का?"

तुझं अक्षर. तो शेपूट लांबवलेला र. त्या दिवशी चार वाजता केबिनमध्ये त्याने तुझ्याकडून लिहून घेतलेलं. दोनच वाक्यं. 'हे मीच लिहिलं आहे. माझ्या बहिणीचा याच्याशी काही संबंध नाही.'

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मी प्रत्येकाला विचारलं. तुमच्या ताईंना बहिणीबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. मग हे दुसरं वाक्य कशाला लिहिलं असेल?"

ताई, मी इतके महिने स्वतःला समजावत आले होते. कधी वाटायचं, तुला काही कळलंच नसेल. कधी वाटायचं, कुणी सांगावं, तूही तसंच काही लिहिलं असशील, त्यालाही तोच शब्द वापरला असशील. मनाला काहीही पटवता येतं, मला तर फारच. त्या दुसऱ्या वाक्याने माझ्या हातात काही ठेवलं नाही.

चार वाजता तू आत गेलीस तेव्हा मी जागेवर होते. आरसा तिरका करून बघत होते, काचेतून तुम्ही दोघं दिसत होता. त्याने तो कागद तुझ्यापुढे सरकवला. तू वाचलास. मग मान वर करून तू काचेतून सरळ माझ्या आरशात बघितलंस. आणि हसलीस. दात दिसतील असं, गोड, पाहुण्यांना देतात तसं. अकरा वर्षांत ज्या बाईने एकाही गिऱ्हाईकाला ते हसू दिलं नाही, तिने ते एकदाच काढलं आणि मला दिलं. मी घाबरू नये म्हणून. आणि मी नालायक, मला वाटलं, हसतेय म्हणजे सगळं ठीक आहे. आरसा सरळ केला आणि पुढचा फोन घेतला.

मी बाईंना म्हणाले, "शब्द आईचा. लिहिलं मी. नाव ताईचं सांगितलं, तेही मीच. साहेबांनी चुकीचं ऐकलं, असं सांगायला आले होते."

"म्हणजे त्यांनी चुकीचं ऐकलं नाही?"

"नाही. मी ताईचा म्हणाले. अगदी स्पष्ट. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा पुन्हा म्हणाले."

हे ते, ताई. हसल्यावर पाच माणसं माझ्याकडे बघायला लागली. नवीन खुर्ची होती, लीडचं कार्ड गळ्यात होतं, त्याने "तुम्हाला हसू का आलं?" विचारलं आणि मला तुझ्या नावाखेरीज लपायला दुसरी जागा दिसली नाही. लहानपणी तुझ्या फ्रॉकमागे लपायचे, तशीच लपले. एवढाही विचार केला नाही की समोर कोण उभं राहणार.

"का लिहिलं होतं?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "नाव लिहायचं नव्हतं, म्हणून धीर आला." आजोबांच्या फ्रिजची तक्रार तिसऱ्यांदा बंद मीच केली होती. त्याच दिवशी फॉर्म भरला. आयुष्यात एकदा खरं लिहिलं, आणि त्याची किंमत तुला मोजायला लावली.

सगळं लिहून दिलंय. मावशीच्या पत्त्यावर त्याची प्रत येईल, ती तू ठेव. बाई म्हणाल्या की तुझा दाखला बदलावा असं त्या लिहिणार आहेत, पण कागद हातात पडेपर्यंत त्या काही कबूल करणार नाहीत. माझं कार्ड त्यांनी ठेवून घेतलं. चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणाल्या. निघताना मी विचारलं, "ते स्टिकर काढता येतील का?" त्या म्हणाल्या, "ते माझ्या हातात नाही." खाली येताना लिफ्टमधला एक मी नखाने खरवडला. अर्धाच निघाला. 'नको, मनातलं हवं' एवढं राहिलंय.

घरी आल्या आल्या स्टूल घेतलं आणि कप खाली काढले. तू काय म्हणाली होतीस ते मला आज कळतंय, म्हणजे बहुतेक कळतंय. सहांतले पाच धड आहेत, एकाचा कान तुटलाय. तो मी घेणार आहे.

एक विनंती. माफ कर असं मी लिहिणार नाही, ते तुझं तू बघ. दर रविवारी सकाळी अकराला मी मावशीकडे फोन करेन. तू तिथे असलीस आणि उचललास, तर काही बोलू नकोस. फक्त लगेच ठेवू नकोस. इतकी वर्षं आपण दोघींनी लोकांना 'लाईनवर थांबा' सांगितलं. आता मी थांबते.

शेपूट